फिलाडेल्फियाच्या ऑपेरावाल्यांनो, आपल्या गावच्या विल्यम हेन्री फ्रायला पुन्हा स्टेजवर आणा : एक खुलं पत्र

फिलाडेल्फियातल्या ऑपेरा कंपनीचा आणि ऑर्केस्ट्राचा सिझन जी मंडळी ठरवतात त्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

सरळ मागणीच मांडते. ४ जून १८४५ ला तुमच्या शहरात, चेस्टनट स्ट्रीट थिएटरमध्ये 'लिओनोरा' नावाचा ऑपेरा झाला, लिहिणारा विल्यम हेन्री फ्राय, इथलाच, फिलाडेल्फियात जन्मलेला, वय तेव्हा ३१. अमेरिकेत जन्मलेल्या माणसाने लिहिलेला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायलेला, आणि लोकांसमोर खरंच सादर झालेला हा पहिला ग्रँड ऑपेरा. तो तुम्ही पुन्हा करावा, पूर्ण करावा, इंग्लिशमध्ये करावा, आणि एकच प्रयोग करून थांबू नये, एवढंच मला सांगायचंय. बाकीचं पत्र हे का करावं त्याबद्दल आहे.

मराठीत लिहितेय याचं कारण असं, की न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनियातली बरीच मराठी मंडळी तुमच्या बाल्कनीत बसतात, तिकिटं काढतात, मुलांना व्हायोलिन-पियानोच्या क्लासला नेतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी फ्रायचं नावसुद्धा ऐकलेलं नसतं. त्यांनी हे वाचावं आणि त्यांनीही तुम्हाला विचारावं अशी माझी इच्छा आहे. इंग्रजी प्रत तुमच्या ऑफिसला वेगळी पाठवलीच आहे.

आता बघा, फ्रायचा जन्म १८१३ चा. जर्मन ऑपेराकार वॅगनर १८१३ चा, इटालियन ऑपेराकार व्हर्डी १८१३ चा. तिघं एकाच वर्षातले! 'लिओनोरा' झाला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्रेस्डेनला वॅगनरचा 'टॅनहॉयझर' पहिल्यांदा झाला. त्या दोघांचे ऑपेरे जगभर दरवर्षी होतात, ते व्हायलाच हवेत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिसरा तुमच्या गल्लीतला, आणि त्याचं नाव निघतं ते फक्त अमेरिकन संगीताच्या इतिहासाच्या पुस्तकात, 'पहिला' असा शिक्का मारून. हा पहिलेपणाचा शिक्का मला खरं तर खटकतो. एकदा का कुणाला पहिला म्हटलं की लोक त्याला वंदन करतात आणि ऐकायचं सोडून देतात.

आणि पहिला म्हणताना तरी नीट सांगायला हवं. त्याच्या आधी अमेरिकेत ऑपेरा म्हणवणारी कामं झालीच होती. बेंजामिन कार हा इंग्लंडहून येऊन फिलाडेल्फियात स्थायिक झालेला माणूस, त्याचा 'द आर्चर्स' न्यूयॉर्कला १७९६ मध्ये झाला. पण तो प्रकार म्हणजे मध्ये मध्ये गाणी आणि बाकी बोललेले संवाद. इटालियन ऑपेरेसुद्धा इकडे इंग्लिशमध्ये यायचे ते असेच काटछाट करून, मधला गायनाचा भाग काढून त्याजागी संवाद टाकून. फ्रायने ठरवलं की आपल्या ऑपेरात बोललेलं एक वाक्य नसेल, सगळं गायचं, रेसिटेटिव्हसकट, म्हणजे संवादसुद्धा बोलल्यासारखे गाऊन, आणि गायचं ते समोर बसलेल्यांच्या भाषेत. १८४६ मध्ये 'लिओनोरा'चा स्कोअर, म्हणजे संगीताचं लिखाण, छापला तेव्हा प्रस्तावनेत त्याने हीच बाजू मांडली. आज तुम्ही इंग्लिशमधले नवे ऑपेरे करता तेव्हा कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही, पण तेव्हा इंग्लिशमध्ये गंभीर ऑपेरा सलग गाता येतो हेच लोकांना पटवावं लागत होतं.

त्याचं घर थोडं समजून घ्या, कारण त्याशिवाय हा माणूस कळत नाही. वडील वर्तमानपत्रवाले, 'नॅशनल गॅझेट' हे त्यांचं. भाऊ जोसेफ भाषांतरं करायचा, ऑपेराची संहिता लिहायचा. दुसरा भाऊ एडवर्ड पुढे न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर प्लेस ऑपेरा हाऊसचा मॅनेजर झाला, आणि एका संपादकाने पेपरातून झोडपलं म्हणून त्याच्याविरुद्ध बदनामीचा दावा ठोकला. म्हणजे घरात छापखान्याची शाई आणि ऑपेरा दोन्ही. विल्यमला शिकवलं लिओपोल्ड मेन्यां नावाच्या फ्रेंच माणसाने, जो पॅरिस कॉन्झर्वेटरीत शिकून फिलाडेल्फियाला येऊन राहिला होता. बाकी सगळं तो ऐकून, वाचून, स्कोअर समोर ठेवून शिकला. १८४१ च्या जानेवारीत या फ्राय भावांनी बेलिनीचा 'नॉर्मा' इंग्लिशमध्ये फिलाडेल्फियात करवला, भाषांतर जोसेफचं, आणि तो गाजला. माझ्या मते 'लिओनोरा'चं बी तिथेच पडलं, कारण त्या प्रयोगाने दाखवून दिलं की हे शहर असलं ऐकायला तयार आहे, फक्त नीट करून दाखवायला हवं.

मग त्याने केलं ते नीटच केलं. साठेक वादकांचा ऑर्केस्ट्रा, मोठा कोरस, नवे पडदे, नवे कपडे, आणि पैसे फ्रायचे स्वतःचे. गायला सेग्विन कंपनी, म्हणजे आर्थर आणि अ‍ॅन सेग्विन हे इंग्लंडहून आलेलं जोडपं आणि त्यांची मंडळी. गोष्ट घेतली बुल्वर-लिटनच्या 'द लेडी ऑफ लायन्स' या तेव्हाच्या तुफान चालणाऱ्या नाटकातून, आणि नेऊन ठेवली स्पेनमध्ये. गरीब घरातला हुशार मुलगा श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीवर प्रेम करतो, तिने नाकारलेला दुसरा एक उमेदवार सूड म्हणून या मुलाला राजघराण्यातला असल्याचं भासवून तिच्याशी लग्न करायला लावतो, मग सत्य बाहेर येतं, नवरा शरमेने निघून जातो, आणि स्वतःच्या कर्तबगारीवर मोठा होऊन परत येतो. १८४५ च्या अमेरिकेत ही गोष्ट का चालली असेल हे सांगायला नको, जन्म मोठा की माणूस मोठा हा प्रश्न त्या देशात तेव्हा घराघरात होता. (आणि त्याच देशात तेव्हा लाखो माणसं गुलामीत होती, हेही विसरून चालत नाही. फ्राय पुढे गुलामगिरीविरोधी पक्षाच्या बाजूने भाषणं देत फिरला, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, १८५६ ला फ्रीमाँटसाठी आणि नंतर लिंकनसाठी.)

डझनभर प्रयोग झाले, पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये ऑपेरा पुन्हा याच शहरात झाला. तेव्हाचं थिएटर आता नाही, १८५५ ला पाडलं. ते होतं सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला त्या इंडिपेंडन्स हॉलपासून हाकेच्या अंतरावर. इंडिपेंडन्स हॉल बघायला तर रोज बसच्या बस भरून लोक येतात.

पुढचं जे आहे ते तुमच्यासारख्या कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी खास वाचावं असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१८४६ ला फ्राय युरोपला गेला, पॅरिसला राहिला, तिथून 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' वगैरे पेपरांना बातमीपत्रं पाठवायचा, १८४८ ची क्रांती त्याने तिथेच राहून पाहिली आणि लिहिली. 'लिओनोरा' पॅरिस ऑपेरात व्हावा म्हणून तो संचालकाकडे गेला. प्रयोग करा असंही म्हणाला नाही, एक रिहर्सल तरी करा, खर्च मी देतो, फक्त ऐका, एवढंच मागणं. संचालकाने जे सांगितलं ते फ्रायनेच नंतर लिहून ठेवलंय, त्याचा आशय असा, की युरोपात आम्ही अमेरिकेला उद्योगाचा देश समजतो, तारायंत्रासाठी उत्तम पण कलेसाठी नाही, आणि अमेरिकन माणसाचा ऑपेरा लावला तर लोक मला वेड्यात काढतील. स्कोअर वाईट आहे असं तो म्हणाला नाही, न ऐकताच नाही म्हणाला. फ्राय आयुष्यभर चिडला तो या गोष्टीवर. त्याची मागणी कधीच 'मला मोठा म्हणा' अशी नव्हती, तो म्हणत होता की आधी ऐका, नीट रिहर्सल करून ऐका, आणि मग काय म्हणायचं ते म्हणा.

परत आला १८५२ ला. ट्रिब्यूनमध्ये संगीताचा क्रिटिक झाला, अमेरिकेतल्या मोठ्या दैनिकांमधले पहिले जे खरे जाणकार संगीत समीक्षक होते त्यातला हा एक. आणि लगेच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन हॉलमध्ये व्याख्यानमाला सुरू केली, पण नुसतं बोलणं नाही, सोबत पूर्ण ऑर्केस्ट्रा, कोरस, इटालियन गायक, बँड. सिद्धांत सांगायचा आणि लगेच वाजवून दाखवायचा. ध्वनी म्हणजे काय इथपासून ते इतर देशांचं संगीत, ऑपेरा, चर्चचं संगीत, सगळं. एवढा ताफा रोज पोसायचा म्हणजे तोटा होणारच, तो झालाच. शेवटच्या व्याख्यानात तो म्हणाला की आता कलेतही स्वातंत्र्याचा जाहीरनामा हवा, अमेरिकन चित्रकार, शिल्पकार, संगीतकार यांनी बेथोव्हेन, हँडल, मोझार्ट यांच्या नावापुढे वाकून राहू नये. फिलाडेल्फियाच्या पोराने जाहीरनाम्याची उपमा द्यावी हे साहजिकच, पण गंमत म्हणून दिलेली उपमा नव्हती ती, त्यासाठी त्याने पदरचे पैसे घातले होते.

मग १८५३ ला लंडनहून झुल्यँ आला. फ्रेंच कंडक्टर, प्रचंड नाटकी माणूस, बेथोव्हेन कंडक्ट करताना पांढरे हातमोजे आणि हिऱ्यांची बॅटन ट्रेवर आणून द्यायला लावायचा. पण ऑर्केस्ट्रा अव्वल होता त्याचा, आणि त्याने एक काम असं केलं जे इथल्या कुणी केलं नव्हतं, अमेरिकन कंपोझरांच्या सिंफनी, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना, उचलल्या आणि वाजवल्या. फ्रायच्या 'अ डे इन द कंट्री', 'द ब्रेकिंग हार्ट', आणि २४ डिसेंबर १८५३ ला 'सांता क्लॉज' ही ख्रिसमस सिंफनी. बाहेरून आलेल्या माणसाने ऐकवली म्हणून न्यूयॉर्कने ऐकली, हे लक्षात घ्या.

'सांता क्लॉज' तुम्ही ऐकली नसेल तर खरंच ऐका, रेकॉर्डिंग सहज मिळतं, नॅक्सॉसने रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राकडून करून घेतलेलं आहे, कंडक्टर टोनी रो. स्कॉटलंडच्या ऑर्केस्ट्राने वाजवली, हो, स्कॉटलंडच्या. जवळपास अर्धा तासाचं एक सलग काम. ख्रिसमसची संध्याकाळ, घरातला गोतावळा, नाच, निरोप, मग पोरं झोपतात, बाहेर बर्फाचं वादळ, त्यात अडकून मरणारा एक वाटसरू, आणि तो वाटसरू म्हणजे डबल बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याचा सोलो! झुल्यँच्या ऑर्केस्ट्रात तेव्हा बोत्तेसिनी होता, डबल बासवरचा त्या काळातला सगळ्यात मोठा वादक, फ्रायने ही जागा त्याच्या हातासाठी लिहिली. मग घुंगरं वाजवत स्लेज येते, सांता येतो बासून या खर्जातल्या फुंकवाद्याच्या आवाजात, पहाट होते, पोरं उठतात, खेळण्यातली वाद्यं वाजतात, 'अदेस्ते फिदेलेस' हे ख्रिसमसचं गीत येतं. शिवाय त्यात सॅक्सोफोन आहे. सॅक्सोफोनचं पेटंट १८४६ चं, आणि हा माणूस १८५३ मध्ये न्यूयॉर्कला सिंफनीत तो वापरतोय, युरोपातल्या नावाजलेल्या ऑर्केस्ट्रांतही तो क्वचितच दिसायचा तेव्हा. मला स्वतःला ते वादळ आणि डबल बास यातला भाग सगळ्यात आवडतो, तिथे गोष्ट सांगणं आणि वाद्याचा आवाज यात फट राहत नाही. निरोपाचा भाग मात्र लांबतो, ते मी कबूल करते.

प्रेक्षकांना आवडली, आणि मग रिचर्ड स्टॉर्स विलिस या क्रिटिकने आपल्या साप्ताहिकात तिला चार ओळींत उडवून लावलं, ही काय सिंफनी म्हणायची, ही तर मजेची चीज, गंभीरपणे परीक्षण करण्याजोगी नाही अशा अर्थाचं. फ्रायने उत्तर लिहिलं ते कित्येक पानांचं! लांबलचक, चिडलेलं, मध्येच तांत्रिक, मध्येच जाहीर भाषण. त्यात त्याने न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक सोसायटीलाही धरलं, की स्थापनेपासून अकरा वर्षांत या संस्थेने अमेरिकन ऑर्केस्ट्रल रचना ना मागवली ना वाजवली. त्यावर जॉर्ज ब्रिस्टो पुढे आला, हा त्याच फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिन वाजवणारा, स्वतः कंपोझर. त्याने लिहिलं की अकरा वर्षांत एकदा, चुकून म्हणा की अपघाताने, एकच अमेरिकन रचना वाजली, ती माझी एक ओव्हरचर (ऑर्केस्ट्रासाठीची छोटी रचना). आणि त्याने राजीनामा दिला. स्वतःची नोकरी, स्वतःचा ऑर्केस्ट्रा, त्यातला हा माणूस. (नंतर तो परतही गेला, आणि १८५५ ला त्याचा स्वतःचा ऑपेरा 'रिप व्हॅन विंकल' न्यूयॉर्कला निब्लोज गार्डनमध्ये झाला. फ्रायच्या पाठोपाठ तोच.)

या भांडणात फ्राय सगळीकडे बरोबर होता असं मी म्हणत नाही. आपल्या सिंफनीची थोरवी त्याने स्वतःच एवढी सांगायला नको होती. पण त्याचा मूळ मुद्दा मला आजही खोडता येत नाही. नवी रचना एकदा, कमी रिहर्सलवर, रात्री उशिरा, बाकीच्या भरगच्च कार्यक्रमात कोंबून वाजवायची, आणि मग म्हणायचं की बघा टिकली नाही. बेथोव्हेनची पाचवी टिकली कारण ती पुन्हा पुन्हा वाजली, वादकांच्या हातात बसली, ऐकणाऱ्यांच्या कानात बसली, तिच्या चुकीच्या वाजवण्या विसरल्या गेल्या. ही संधी ज्याला मिळालीच नाही त्याच्याबद्दल काळाने निकाल दिला असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

पुढे १८५८ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये 'लिओनोरा' झाला, फ्रायने त्यात बदल करून दिले होते, पण झाला तो इटालियनमध्ये. ज्याने समोरच्या माणसाच्या भाषेत गा म्हणून एवढा आटापिटा केला त्याचा ऑपेरा न्यूयॉर्कला ऐकायला मिळाला तो भाषांतर करून, कारण तिथे गाणारी कंपनी इटालियन होती आणि दुसरा मार्गच नव्हता. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

आणि शेवटचा ऑपेरा तर तुमच्याच घरात झालाय. 'नोत्र दाम ऑफ पॅरिस', व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून, संहिता पुन्हा भाऊ जोसेफची, ४ मे १८६४, ब्रॉड स्ट्रीटवरची अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिक. १८५७ ला उघडलेली ती इमारत आज जशीच्या तशी उभी आहे, तिथेच तुमचे प्रयोग होतात, तेच झुंबर, तेच खांब. यादवी युद्ध चालू होतं, जखमी सैनिकांसाठी काम करणाऱ्या सॅनिटरी कमिशनच्या मदतीसाठी हा प्रयोग होता, कंडक्टर थिओडोर थॉमस, ज्याने पुढे शिकागोचा ऑर्केस्ट्रा उभा केला. फ्रायला तोवर क्षयाने पुरतं ग्रासलं होतं. हवापालटासाठी कॅरिबियनमध्ये, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या सेंट क्रॉय बेटावर गेला, आणि तिथेच २१ डिसेंबर १८६४ ला वारला. ५१ वर्षांचा होता.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण ओळखीच्या संगीतवाल्यांशी बोलताना हेच ऐकायला मिळतं.

एक म्हणजे, त्याचं संगीत बेलिनी-डोनिझेत्तीसारखं आहे, मग त्यात अमेरिकन काय? बरोबर आहे, आहेच तसं. 'लिओनोरा'चा छापील स्कोअर पियानोवर ठेवून बसलं की दोन पानांत कळतं, लांब लांब चाली, आधी संथ मग द्रुत असा आरियांचा, म्हणजे एकट्याने गायच्या गाण्यांचा, साचा, नायिकेच्या गळ्यासाठी भरपूर ताना. १८५८ च्या क्रिटिकांनीही हेच म्हटलं. पण १८४५ ला ३१ वर्षांच्या व्हर्डीवरही बेलिनी-डोनिझेत्तीचीच छाया होती, सुरुवातीचे व्हर्डी आपण ऐकतोच की, तरुणपणचा म्हणून समजून घेतो. फ्रायच्या बाबतीत मात्र तेच कारण सांगून कपाट बंद करतो. आणि अमेरिकन असणं म्हणजे लोकगीताची धून मध्ये घालणं एवढंच धरलं तर फ्राय त्यात बसणार नाही, त्याची मागणीच वेगळी होती, इथल्या माणसाला मोठ्या आकृतिबंधात लिहायचा हक्क आहे, आणि इथल्या संस्थांनी तो वाजवायला हवा. 'नायगारा' सिंफनी बघा, १८५४ ला बार्नम या करमणुकीचे खेळ लावणाऱ्या माणसाच्या न्यूयॉर्कच्या प्रचंड संगीत मेळाव्यासाठी लिहिलेली, त्यात धबधब्यासाठी अकरा टिंपनी, म्हणजे मोठे नगारे! हे बेलिनी नाही. हा माणूस पुढे कुठे चालला होता ते तिथे ऐकू येतं.

दुसरं, पैसे. ऑपेरा महाग आहे हे मान्य, आणि अनोळखी ऑपेराला तिकिटं जात नाहीत हेही मान्य. पण तिकिटाच्या बाबतीत तुम्हीच अख्ख्या देशाला नवीन वाट दाखवलीत, अकरा डॉलरपासून वाटेल तेवढे द्या म्हणालात, आणि जे कधी आले नव्हते ते लोक आले. त्या लोकांना फ्राय आणि व्हर्डी दोघंही सारखेच नवीन आहेत! अनोळखी नावाची भीती ही आमच्यासारख्या जुन्या ऐकणाऱ्यांना असते, त्यांना नाही. आणि पहिल्याच झटक्यात पडदे-कपडे कशाला, आधी कॉन्सर्ट पद्धतीने करा, गायक समोर उभे, ऑर्केस्ट्रा स्टेजवर, इंग्लिश शब्द वर दिसतील असे. शहरात कर्टिस इन्स्टिट्यूट आहे, अ‍ॅकॅडमी ऑफ व्होकल आर्ट्स आहे, इतके तयार तरुण गळे दुसऱ्या कुठल्या गावात एका मैलात सापडतील? त्यांना बेल कांतो ही बेलिनी-डोनिझेत्तीची इटालियन गायनशैली शिकवली जातेच, तोच गळा इथे लागतो, फक्त भाषा त्यांची स्वतःची.

तिसरं, साहित्य. फ्रायची हस्तलिखितं तुमच्याच गावात लायब्ररी कंपनीत आहेत, बेंजामिन फ्रँकलिनने १७३१ ला सुरू केलेल्या संस्थेत, लोकस्ट स्ट्रीटवर, अ‍ॅकॅडमीपासून चालत काही मिनिटांवर. म्हणजे स्कोअर एका टोकाला आणि स्टेज दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन-चार सिग्नल. हस्तलिखितावरून वाजवण्याजोगी स्वच्छ प्रत करणं हे चिकाटीचं काम आहे, १८४५ ची आणि १८५८ ची आवृत्ती यातलं काय ठेवायचं ते जाणकारांना बसून ठरवावं लागेल, वादकांचे पार्ट्स काढावे लागतील. पण हे काम एकदाच करायचं असतं. आणि झालं की ते पार्ट्स फ्री लायब्ररीतल्या फ्लायशर कलेक्शनला द्या, तिथून जगभरचे ऑर्केस्ट्रा साहित्य भाड्याने नेतात, म्हणजे पुढच्या कुणाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.

ऑर्केस्ट्राच्या मंडळींना वेगळी विनंती. डिसेंबरमध्ये दरवर्षी ख्रिसमसचे कॉन्सर्ट तुम्ही करताच, त्यात एका वर्षी 'सांता क्लॉज' घ्या, पूर्ण घ्या, तुकडे करून नको. मुलांना कळेल अशी ती आहे आणि तुमच्या डबल बासवाल्याला आयुष्यात क्वचित मिळणारा सोलो मिळेल. त्याच कार्यक्रमात पहिल्या भागात फ्रान्सिस जॉन्सनचं काही घ्या. जॉन्सन हा फिलाडेल्फियाचा कृष्णवर्णीय बँडमास्टर आणि कंपोझर, आपला बँड घेऊन १८३७ मध्ये इंग्लंडला गेलेला, १८४४ ला वारला, म्हणजे 'लिओनोरा'च्या एक वर्ष आधी. फ्राय ज्या शहरात ऐकत मोठा झाला त्या शहराच्या नाचात आणि परेडमध्ये जॉन्सनचा बिगुल होता. फ्रायला पैसेवाल्या घराचा आधार तरी होता, जॉन्सनला तोही नव्हता. दोघं एका संध्याकाळी ऐकायला मिळाले तर त्या काळचं फिलाडेल्फिया कानाने कळेल.

एक कृपा करा, कार्यक्रमपत्रिकेत 'ऐतिहासिक कुतूहल' वगैरे लिहू नका. तसं लिहिलं की ऐकणारा आधीच मागे रेलून बसतो. चांगले गायक घ्या, पुरेशा रिहर्सली घ्या, कंडक्टरला विश्वास नसेल तर दुसरा कंडक्टर घ्या, आणि नेहमीच्या ऑपेरासारखाच त्याला वागवा. मग क्रिटिकांनी झोडपला तरी चालेल. आम्हाला नाही आवडला तर आम्हीही तसं सांगू. निदान ऐकून सांगू.

२०४५ मध्ये 'लिओनोरा'ला २०० वर्षं होतील, तेव्हा कुणीतरी करेलच असं म्हणून पुढे ढकलू नका. प्रत तयार करायलाच दोन-तीन वर्षं जातील, म्हणून लायब्ररी कंपनीशी बोलणं याच सिझनमध्ये सुरू करा. त्यासाठी वर्गणी काढायची असेल तर इथल्या मराठी मंडळींकडे मी स्वतः जाईन, आमच्याकडे नाटकासाठी वर्गणी काढायची सवय जुनी आहे. आणि प्रयोग ठरला की एकाऐवजी तीन ठेवा, दोन आठवड्यांत पसरून, म्हणजे पहिल्या रात्री ज्यांना नीट कळलं नाही त्यांना परत येता येईल. पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही रात्रींची तिकिटं मी काढणार आहे.

आपली,
वरच्या बाल्कनीतली एक मराठी श्रोती